चौदावा रकाना

६ फेब्रुवारी

प्रिय अठरा,

टेलिफोन एक्स्चेंज सुटून मला सात वर्षं झाली, तुला त्याहून जास्त. तरी पत्र लिहायला बसलं की आधी खुर्चीचा नंबरच उमटतो. तू अठरा, मी सतरा. तीस वर्षं एका बोर्डापुढे कोपराला कोपर लावून बसलो. खरी नावं पेन्शनच्या कागदांपुरती.

बातमी अशी, की मी येतेय. दचकू नकोस. तुझे यजमान गेल्यापासून गेली चार वर्षं तू प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहितेस, "वरची खोली रिकामी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, कधी येतेस?" मी हसून पत्र डब्यात ठेवून द्यायचे. आता हसू येत नाही. भाचा आणि भाचेसून माझ्याकडे राहायला आल्याला तीन वर्षं झाली. दोघं गोड बोलतात. फारच गोड. परवा भाचेसून टेप घेऊन माझी खोली मोजत होती. विचारलं तर म्हणाली, "पडदे शिवायचेत, आत्या." पडद्यासाठी जमीन कशाला मोजावी लागते? बोर्डावर बसलेल्या बाईला माणूस काय सांगतोय यापेक्षा काय लपवतोय ते आधी ऐकू येतं.

तर निवृत्तांच्या व्हिसाचा अर्ज आणला. अकरा पानं. तेराव्या रकान्यापर्यंत गाडी सुरळीत गेली. चौदावा असा: "आपल्याला कोणत्याही न्यायालयाने कधीही दोषी ठरवले आहे काय?" पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मी पेन टेकवून तशीच बसले.

आपल्याला एकाच दिवशी, एकाच कोर्टात, एकच शिक्षा झाली. अडतीस वर्षांपूर्वी. तो नवरामुलगा ट्रंक कॉलवर पहिल्या बायकोला दटावत होता, "माझं हे दुसरं लग्न पार पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही." ते मी ऐकलं, आणि तू प्लग उचलून थेट नव्या मुलीच्या बापाला फोन लावलास. लग्न मोडलं, पोरगी वाचली, आणि ग्राहकाचं बोलणं बाहेर फोडलं म्हणून आपल्याला दोघींना कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसायची शिक्षा झाली. दंड भरला, घरी आलो. पण कागदावर ते "दोषी"च ना?

तुला मात्र त्याच देशानं नऊ वर्षांपूर्वी घेतलं. म्हणजे वाट असणारच. तू त्या रकान्यात काय लिहिलंस ते कळव, मीही तेच लिहीन. फोन करू नकोस. आपला नियम तोच, तारेवर बोललेलं तिसऱ्याचं.

तुझी,
सतरा


२४ फेब्रुवारी

प्रिय सतरा,

पत्र मिळालं. आनंद झाला हे काय वेगळं लिहायचं.

पण तू एकदम निघायच्या गोष्टी करू नकोस बाई. वरची खोली गळते. मागच्या वादळात छपराचे दोन पत्रे सरकले, ते अजून तसेच आहेत. शिवाय रस्त्यापासून घरापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत, आणि तुझे गुडघे मला माहीत आहेत. इथली हवा दमट. माझी स्वतःची बोटं सकाळी वळत नाहीत. समुद्र काय, आठ दिवस छान दिसतो, मग तो तिथं आहे हेही लक्षात राहत नाही.

अर्जाचं म्हणशील तर नियम दर वर्षी बदलतात. आमचा अर्ज ह्यांनी भरला होता. मी काय लिहिलं ते आता आठवतही नाही. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय? आणि भाचेसुनेनं खोली मोजली म्हणून कुणी स्वतःचं घर सोडतं का? मोजणारी परवडली. न मोजता घेणारेही असतात.

गुडघ्यांना तीळतेल लाव. आणि तो जुना विषय पत्रात परत परत नको.

तुझी,
अठरा


१२ मार्च

प्रिय अठरा,

आठवत नाही म्हणे! साडेतीनशे नंबर तोंडपाठ असलेली तू. गावातल्या प्रत्येक डॉक्टरची दुपारची झोपेची वेळ तुला ठाऊक होती. आणि आयुष्यातल्या एकुलत्या एका शिक्षेबद्दल काय लिहिलं ते आठवत नाही?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चार वर्षं जी खोली रिकामी आणि उजेडाची होती, ती मी येते म्हटल्याबरोबर गळायला लागली. पायऱ्या बेचाळीस कधीपासून झाल्या? पूर्वी तर "चार पावलं चढलं की घर" असं लिहायचीस. मग मी तुझा दिवाळखोर भाऊ असल्यासारखी तू मला दारातूनच का वाटेला लावतेस, याचा विचार करत बसले. तू दोन महिन्यांपूर्वी पाठवलेला दाराचा फोटो काढून भिंग लावून पाहिला. उंबऱ्यापाशी पुरुषाचे बूट आहेत. काळे, मोठे, पॉलिश केलेले. अगं, कुणी असेल तर सांग ना. पासष्टाव्या वर्षी तुला कोण नावं ठेवणार? मी तर मुळीच नाही. पण लपवू नकोस.

इकडे मी पोलिसांकडे चारित्र्याच्या दाखल्यासाठी गेले होते. टेबलावरचा कारकून चांगला वाटला, कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधत होता. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या नावावर एक नोंद दिसतेय."

"आहेच," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सगळे आधी 'माझी नाही' म्हणतात. मग आम्ही म्हणतो नीट आठवा, मग ते रडतात. तुम्ही पहिल्याच झटक्यात आहे म्हणालात, आता मी काय करू?"

काय करणार, कोर्टातून निकालाची शिक्क्याची नक्कल आणा म्हणाला. ती आणली की दाखल्यावर "किरकोळ, जुनी" असा शेरा मारून देतो. तर पुढच्या आठवड्यात कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जातेय.

मी सरळ विचारलंय, तू सरळ उत्तर दे. चौदाव्या रकान्यात काय लिहिलंस?

सतरा


२९ मार्च

सतरा,

रेकॉर्ड रूममध्ये जाऊ नकोस. अडतीस वर्षांचे कागद वाळवीनं केव्हाच खाल्ले असतील, धूळ तेवढी तुझ्या छातीत जाईल. सगळे लोक "नाही" लिहितात. तूही लिही. नाहीतर व्हिसाचा नादच सोड, हे मी मैत्रीण म्हणून सांगते.

वरची खोली भाड्यानं दिली आहे. एक निवृत्त खलाशी आहेत. बूट त्यांचेच. झालं समाधान?

आता मी विचारते. तुझ्या मागच्या पाकिटाची कड दोनदा चिकटवलेली होती. खालचा गोंद वेगळा, वरचा वेगळा. तुझी पत्रं कोण उघडतं? भाचेसून? का दुसरं कुणी? "काय लिहिलंस ते कळव", "सरळ उत्तर दे", हे तुझं नेहमीचं बोलणं नाही. कुणी शेजारी बसून लिहायला सांगत असल्यासारखं वाटतं. तसं असेल तर पुढच्या पत्रात मला नंबरानं हाक मारू नकोस, मी समजून जाईन.

अठरा


२० एप्रिल

प्रिय अठरा, (हो, अठराच. शेजारी कुणी बसलेलं नाही.)

पाकीट मीच उघडून मीच परत चिकटवलं, बुटांबद्दलचा मजकूर घालायचा राहिला होता म्हणून. तुझी नजर अजून शाबूत आहे, फक्त ती माझ्यावर रोखलेली पाहून वाईट वाटलं.

गळणाऱ्या खोलीत खलाशी राहतो. छत्री घेऊन झोपतो वाटतं? अगं, निदान दोन पत्रांतल्या थापा तरी एकमेकींना ओळखतील अशा मारायच्या.

मी गेले रेकॉर्ड रूममध्ये. वाळवीनं काही खाल्लेलं नाही. तळघरात लोखंडी मांडण्या, त्यावर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. तिथली कारकून बाई तोंडावर रुमाल बांधून शिडीवर चढली, आणि चौथ्या दप्तरात आपण दोघी सापडलो. कागद पिवळे पडलेत, पण टाइप स्वच्छ आहे. आरोपी क्रमांक एक, तू, लग्नाआधीच्या नावानं. आरोपी क्रमांक दोन, मी. मी तिथेच स्टुलावर बसून सगळं वाचलं. विशेष असं काही नाही. निकाल आहे, जबाब आहेत. तुझाही आहे, माझाही.

अठरा, एक विचारू? तू मला येऊ देत नाहीस त्याचं कारण त्या कागदांत आहे का? तुला काही ठाऊक आहे का, जे मला वाटतं तुला ठाऊक नाही? असेल तर तेही सांगून टाक. मला हल्ली कुणाचाच भरवसा वाटत नाही. भाच्यानं काल दार लावून कुणाला तरी फोन केला, "आत्या जायच्या आधी काम उरकायला हवं" एवढं मी ऐकलं. तिकडे घरचे, इकडे तू.

तर आता कळवते, कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनानं. परवा अठरा तारखेला मी अर्ज दिला. चौदाव्या रकान्यात "हो" लिहिलं आणि निकालाची अख्खी नक्कल जोडली. शेवटच्या पानावर यजमानाचं नाव मागतात. मला हसू आलं, बिनलग्नाच्या बाईला कुठले यजमान! खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडे उतरणार त्या. तुझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, लग्नाआधीचं नाव विचारलं होतं तेही लिहिलं. आमंत्रण म्हणून तुझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र जोडलं, "वरची खोली रिकामी आहे" म्हणणारं. खलाशाला सांग, सामान आवरायला घे.

सतरा


२१ एप्रिल

सतरा,

चार दिवस लिहितेय आणि फाडतेय. आता फाडणार नाही.

वरच्या खोलीत कुणी नाही. छप्पर ठीक आहे. बूट ह्यांचे आहेत. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं म्हणून दाराशी ठेवते, महिन्यातून एकदा पॉलिश करते.

मी चौदाव्या रकान्यात "नाही" लिहिलंय. खरं म्हणजे पहिल्यांदा मी लिहिलं नाही. आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो, पेन ह्यांच्या हातात होतं. ते एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होते. चौदावा वाचला आणि मोठ्यानं हसले. "बघा, तुरुंगात जाऊन आलात का विचारतायत!" आणि दोघांच्याही नावापुढे "नाही" लिहून पान उलटलं. ह्यांना ते कधीच माहीत नव्हतं, सतरा. लग्न ठरताना माझ्या आईनं मला शपथ घातली होती. पुढे सांगेन सांगेन करत बावीस वर्षं गेली. त्या दिवशी ते पान उलटायला लागलेल्या दोन सेकंदांत मी सांगू शकले असते. मी चहा ओतत होते. ओतत राहिले.

दाखला माझ्या लग्नानंतरच्या नावानं काढला, त्यावर काहीच आलं नाही. मग दर वर्षी मुदत वाढवताना तोच प्रश्न. पहिली पाच वर्षं ह्यांनी लिहिलं, पुढची चार मी. दारावर थाप पडली की आधी खिडकीतून बघते. पोस्टमनलासुद्धा मी दोनदा नाव विचारलंय.

खोटं सांगून घेतलेला परवाना इथे रद्द होतो. म्हणून म्हणते, ती नक्कल जोडू नकोस. जोडलीसच तर माझं नाव यजमान म्हणून देऊ नकोस. लग्नाआधीचं तर मुळीच नको. दुसऱ्या कुणाचा पत्ता दे, हॉटेलचा दे, आणि आल्यावर सरळ माझ्याकडे ये. मला तू इथे हवी आहेस. इतकी हवी आहेस की तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी वरची खोली धुऊन काढली, आणि मग खाली येऊन छप्पर गळतं म्हणून लिहिलं.

हे वाचून जाळ.

अठरा


६ मे

अठरा,

तुझं पत्र आज आलं. माझा अर्ज जाऊन अठरा दिवस झाले.

पत्र वाचलं आणि तशीच चपला घालून व्हिसा कचेरीत गेले. खिडकी क्रमांक तीन. त्या मुलीला म्हटलं, माझा अर्ज परत द्या, चूक झाली. ती म्हणाली, "काय चूक झाली, आजी?" मी काय सांगणार? म्हटलं, यजमानाचं नाव बदलायचंय. ती म्हणाली, कागद तिकडे पोचले, आता जे विचारायचं ते तिकडचे लोक विचारतील. आणि बारीक नजरेनं बघत तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी घरीच थांबायला हवं होतं, नाव बदलायला जाऊन मी आणखीच घाण करून ठेवली की काय, कळत नाही.

तुझा विश्वासघात माझ्या हातून झाला. आणि तो पहिला नाही. आता तेही लिहिते, कारण मघा तुझं पत्र वाचताना मला तुझ्यापेक्षा स्वतःची जास्त लाज वाटली.

त्या वेळी चौकशीला आपल्याला वेगवेगळं बसवलं होतं. तुझा जबाब मी आत्ता रेकॉर्ड रूममध्ये पहिल्यांदा वाचला. तू म्हटलंयस, "ऐकलं मी, जोडलं मी, सतरा नंबरला यातलं काही माहीत नाही." आणि माझा जबाब मला वाचायचीही गरज नव्हती. अडतीस वर्षं पाठ आहे. "मी फक्त ऐकलं. जोडायचं अठरा नंबरनं ठरवलं. मी नको म्हणत होते." नको कुठली म्हणत होते? मी तुझा दंड धरून म्हटलं होतं, "लाव फोन, आत्ता लाव." निकालात लिहिलंय, आरोपी क्रमांक दोन ही क्रमांक एकच्या प्रभावाखाली होती. म्हणून मी पुढे सुपरवायझर झाले आणि तू झाली नाहीस.

तू मला येऊ देत नाहीस तेव्हा मला वाटलं, हिला कळलं. बदला घेतेय. तुझ्या प्रत्येक ओळीत मी तेच शोधत होते.

आता तू सांगशील ते करीन. तिकडच्या कचेरीला लिहू का, की यजमानाचं नाव मी खोटं दिलं?

तुझी,
सतरा


२७ मे

प्रिय सतरा,

काही लिहू नकोस. खोटं पुरे झालं, त्याला आता तुझी ठिगळं नकोत.

त्यांनी बोलवायच्या आधी मी स्वतःच गेले. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. चांगली साडी नेसले, ह्यांचे बूट दारातून आत ठेवले आणि गेले. गेली नऊ वर्षं जिच्यासमोर मी मान खाली घालून उभी राहते तीच अधिकारी बाई होती. तिला सर्दी झाली होती. तिच्या टेबलावर तुझा अर्ज नव्हता, माझा कागदही नव्हता. तिला काहीच माहीत नव्हतं, सतरा! मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "मी नऊ वर्षं चौदाव्या रकान्यात खोटं लिहिलंय."

तिनं रुमाल खाली ठेवला. "गुन्हा काय होता?"

"एका मुलीचं लग्न मोडलं."

"याला तुमच्याकडे शिक्षा आहे?"

मग मी सगळं सांगितलं. प्लग, ट्रंक कॉल, बाक. मध्ये तिनं एकदा विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "इतकं करून तुम्ही चौकशीसुद्धा केली नाहीत?" आपल्याला हे कधी सुचलंच नाही बघ.

सगळं ऐकून ती म्हणाली, "पहिल्या वर्षी 'हो' लिहून हा निकाल जोडला असतात, तर मी वाचूनही न बघता शिक्का मारला असता. असल्या शिक्षेला आम्ही मोजतच नाही. पण खोट्या उत्तराला मोजतो. त्यात माझ्या हातात काही नाही."

नऊ वर्षं मी ज्याला घाबरले ते तिथे नव्हतंच. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले. तिनं पाणी दिलं.

स्वतः होऊन आले म्हणून कायमची बंदी नाही. ऑगस्टअखेर देश सोडायचा. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल, खरा.

तुझ्या जबाबाचं म्हणशील, तर वकिलानं मला तो त्याच दिवशी वाचून दाखवला होता. मला राग आला नाही असं नाही. तू घाबरली होतीस हे कळत होतं, आणि तरी राग येत होता. मग रोज तुझ्या शेजारी बसायचे तेव्हा वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. तू सुपरवायझर झालीस त्या दिवशी पेढे देताना तू डब्याचं झाकण उगाच दोनदा उघडलंस-मिटलंस, तेव्हा वाटलं, आता सांगते. तू म्हणालीस, "दोन घे." मी दोन घेतले. त्यानंतर वाट बघायची सोडली.

कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. माझं तिकडे कोण आहे?

अठरा


१४ जून

प्रिय अठरा,

माझा व्हिसा आला. दाखल्यामागे टाचलेल्या नकलेवर एक शिक्का आहे, "पाहिले". बस, एवढाच. आनंद कुणाला दाखवू?

तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि भाचेसुनेला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, माझी एक मैत्रीण दोन वर्षं माझ्या खोलीत राहील, चालेल का? तिचा चेहरा पडला. मला वाटलं, ठरला संशय खरा, खोलीच हवी होती. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही खरंच जाणार? आम्हाला वाटलं होतं, कठडे लावून झाले की तुम्ही विचार बदलाल."

कसले कठडे?

पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला धरून चालायचे. माझे गुडघे बघून तिनं मापं घेतली होती, सुतार दोन महिने टोलवत होता, आणि भाचा दार लावून त्यालाच फोन करत होता. मला सांगितलं असतं तर मी "मी काय पांगळी आहे का" म्हणून उखडले असते, म्हणून चोरून. आणि मी खरंच उखडले असते.

मी ज्या कानांवर आयुष्यभर जगले ते कान इतके कसे फसले?

तर असं कर. तू इथे ये. खोली तयार आहे, कठड्यांसकट. तुझं ते घर भाड्याचं आहे, ते सोडू नकोस, मी येऊन राहते. दोन वर्षं सांभाळते. तू परत आलीस की दोघी राहू.

तुला माझ्या घरात यायचा संकोच वाटेल. वाटू दे. पण नाही म्हणू नकोस.

सतरा


२ जुलै

सतरा,

घरमालकाशी बोलले. चालेल म्हणाला.

मी आजवर कुणाच्या उपकारात राहिले नाही, आणि तुझ्याकडे यायचं म्हटल्यावर पहिला विचार आला की ही जुनं फेडतेय. तसं असेल तर मी येणार नाही. तसं नसेल तर येईन. तू खरं सांगशील का, हाही संशय आहेच.

ऑगस्टच्या मध्याला ये. थोडे दिवस बरोबर मिळतील.

अठरा


८ ऑक्टोबर

प्रिय अठरा,

तू विचारलं होतंस, जुनं फेडतेय का. अकरा दिवस आपण एका छपराखाली होतो आणि दोघींनी तो विषय काढला नाही. मासे कसे निवडायचे, बंब कसा पेटवायचा, कुठली शेजारीण उसनं परत करत नाही, एवढंच बोललो. विमानतळावर तुझी बॅग ढकलताना सांगायचं होतं, तुझी रांग पुढे सरकली. तर आता सांगते. हो, फेडतेय. पण फक्त तेवढ्यासाठी नाही. किती त्यातलं आणि किती दुसरं, हे मला वेगळं करता येत नाही, आणि तुझ्याजवळ मी आता खोटा हिशेब देणार नाही.

पायऱ्या बेचाळीसच आहेत. मोजल्या. तेवढं तू खरं लिहिलं होतंस.

काल कचेरीत नाव नोंदवायला गेले होते. तीच बाई. सर्दी बरी झालीय. तिनं अर्ज पुढे ओढला आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली. जन्मतारीख. पत्ता. मग त्याच सुरात, "कधी दोषी ठरवलं गेलंय?"

मी म्हटलं, "हो."

तिनं वर पाहिलं नाही. हो ला खूण केली, पुढचा प्रश्न विचारला, "कुठली औषधं चालू आहेत?"

एवढंच होतं, अठरा. श्वास घेऊन सोडावा इतका वेळ. मी औषधांची नावं सांगितली, शिक्का घेतला, बाहेर येऊन फाटकाजवळच्या बाकावर बसले. आणि मला तुझा असा राग आला! चहाची किटली खाली ठेवून दोन शब्द बोलली असतीस तर आज घरी असतीस. मग त्याच बाकावर मी स्वतःला विचारलं, माझे दोन शब्द कुठे होते? पेढ्याचा डबा हातात होता, तू समोर उभी होतीस. अडतीस वर्षं. तू तर नऊच काढलीस. तिथून उठायला मला बराच वेळ लागला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं दोनदा येऊन विचारलं, बरं वाटत नाही का.

दोन वर्षं भरली की तुझा अर्ज देऊ. या खेपेला यजमान मी. कोरा अर्ज आत्ताच मागून आणलाय आणि माझं पान पेन्सिलनं भरलंय. एका रकान्यात अडकलेय. "अर्जदाराशी आपले नाते." मैत्रीण लिहिलं तर खाली बारीक अक्षरात म्हणतात, पुरावा जोडावा. आता मैत्रीचा पुरावा कुठून आणू? शिक्क्याचा कागद आपल्याजवळ एकच आहे, त्यावर तुझं नाव पहिलं, माझं दुसरं, आणि नातं स्वच्छ टाइप केलेलं आहे, सहआरोपी. तेच लिहिते. चालत असेल तर कळव.

तुझी,
सतरा